विद्यापीठाचं मुख्य गेट कुठे आहे?
वाचकांचे प्रश्न : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज

जुन्या विद्यापीठांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजबद्दलच निघाली, म्हणून या वेळचं सदर त्या दोन गावांपुरतं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांब पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलीकडे ऑक्सफर्डला जायचं आहे. फोनवरच्या नकाशात ‘ऑक्सफर्ड विद्यापीठ’ टाकलं की दर वेळी निराळीच इमारत दाखवतो. मुलीला विचारलं तर हसते. मुख्य गेट नेमकं कोणतं? (सातारा)

मुख्य गेट नाहीच. शोधायला निघालात तर दिवस जाईल.

प्रवेश कोण देतं, राहायला खोली कोण देतं, जेवायला कोण घालतं, आठवड्यातून एकदोनदा समोर बसवून निबंध कोण तपासतं? कॉलेज. प्रयोगशाळा, व्याख्यानं, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडे. ऑक्सफर्डला ३६ कॉलेजं, कॉलेजसारख्याच ३ ‘सोसायट्या’ आणि ४ धार्मिक वळणाचे हॉल आहेत. केंब्रिजला ३१ कॉलेजं. जवळजवळ प्रत्येकाची जमीन, पैसा, नियम आणि स्वयंपाकघर स्वतःचं. या सगळ्यांच्या बेरजेला विद्यापीठ म्हणतात आणि ते गावभर विखुरलेलं आहे.

आपला घोळ होतो त्याला कारण आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर : कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. ‘संलग्न महाविद्यालय’ हा शब्द आपल्या डोक्यात तिथून बसला. ऑक्सफर्डचं कॉलेज कशालाही संलग्न नाही. उलट विद्यापीठाचा कारभार पाहणारी मंडळी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची असतात.

वाडा पाहिलेल्या माणसाला कॉलेजची रचना फार समजावून सांगावी लागत नाही. रस्त्याकडे जाड भिंत, तिच्यात भलं मोठं दार, त्या दारात माणसापुरता दिंडी दरवाजा. आत शिरलं की बाजूला देवडी आणि पुढे चौक. देवडीला तिथे लॉज म्हणतात आणि तिथे बसणाऱ्याला पोर्टर. हा पोर्टर म्हणजे हमाल नव्हे. किल्ल्या, टपाल, पाहुणे, रात्री उशिरा परतणारी पोरं, सगळं त्याच्या हातात. त्याच्याशी नीट बोला. चौकाला ऑक्सफर्डमध्ये ‘क्वॉड’ आणि केंब्रिजमध्ये ‘कोर्ट’ म्हणतात. चौकात तुळशीवृंदावनाच्या जागी हिरवंगार गवत असतं, आणि त्यावर पाय ठेवायचा नसतो; बऱ्याच कॉलेजांत तो मान फक्त फेलो मंडळींचा, म्हणजे कॉलेजच्या सभासद-अध्यापकांचा. खोल्या एका लांब बोळात ओळीने नसतात. चौकाभोवती ठरावीक अंतरावर जिने असतात आणि प्रत्येक जिन्यावर मोजक्या खोल्या. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या नावांची पाटी. त्यामुळे पत्ता सांगताना आधी जिना येतो, मग खोली. मर्टन कॉलेजचा ‘मॉब क्वॉड’ १३७८ पर्यंत बांधून झाला होता. ही घडण किती जुनी, ते त्यावरून कळेल.

तुम्ही इतकंच करा : मुलीकडून कॉलेजचं नाव आणि पोस्टकोड घ्या, नकाशात पोस्टकोड टाका, आणि थेट लॉजमध्ये जाऊन तिचं नाव सांगा.

प्रश्न : राजधानी लंडनला. मग ही दोन विद्यापीठं अशा आडगावी का झाली? आणि तिसरं का निघालं नाही? (मिरज)

आडगावं आज वाटतात. ऑक्सफर्डच्या नावातच बैलांचा उतार आहे. ‘ऑक्स’ म्हणजे बैल, ‘फोर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. थेम्स (गावापुरतं तिला आयसिस म्हणतात) आणि चेरवेल या दोन नद्यांच्या बेचक्यात वाळू-गोट्यांची उंचवट्याची एक जीभ आहे. तिच्यावर पाणी साचत नाही, विहिरीला लवकर लागतं आणि दक्षिणोत्तर जाणारा मोठा रस्ता तिथूनच नदी उतरायचा. दोन्ही बाजूंना मात्र पुराची कुरणं. क्राइस्ट चर्च मेडो आणि पोर्ट मेडो आजही पावसाळी हिवाळ्यात पाण्याखाली जातात. म्हणून गाव आडवंतिडवं पसरलं नाही, दाटीने वाढलं. नव्या वस्तीला उत्तरेकडे किंवा नदीपार जावं लागलं.

तिथे १०९६ च्या सुमारास शिकवणं चालू होतं. ११६७ साली दुसऱ्या हेन्रीने इंग्रज विद्यार्थ्यांना पॅरिसला जायला मनाई केली आणि ऑक्सफर्डची गर्दी एकदम वाढली.

केंब्रिजचं स्थान वेगळं. उत्तरेला ‘फेन्स’ नावाची सपाट दलदल, आणि ती जिथे संपते त्या काठावर हे गाव. समुद्राकडच्या किंग्ज लिनहून मालाच्या होड्या नदीने इथपर्यंत यायच्या, आणि पूल बांधण्याजोगी कोरडी जागा इथेच होती. पुलापलीकडे टेकाड, त्यावर आधी रोमन वस्ती, नंतर नॉर्मन किल्ला. गंमत म्हणजे नदीचं जुनं नाव ग्रांटा. गाव ‘ग्रांटाब्रिज’. बोलता बोलता त्याचं केंब्रिज झालं, आणि मग गावाच्या नावावरून नदीला ‘कॅम’ म्हणू लागले.

विद्यापीठ तिथे आलं ते भांडणातून. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका बाईचा खून झाला. संशयित विद्यार्थी पळाला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्या दोघातिघांना फासावर चढवलं. मास्तरांनी शिकवणं बंद केलं. कोणी रीडिंगला गेले, कोणी पॅरिसला, काही केंब्रिजला. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने समेट घडवला. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत : विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं दहा वर्षं निम्मं, गावाने गरीब विद्यार्थ्यांसाठी दर वर्षी ५२ शिलिंग द्यायचे, आणि सेंट निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवण घालायचं. बरेच जण परतले. केंब्रिजला रुजलेले तिथेच राहिले.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग : तिसरं का निघालं नाही? निघालं होतं. १२६१ मध्ये नॉर्थॅम्प्टनला, ते राजाने १२६५ मध्ये मोडलं. १३३३ च्या सुमारास ऑक्सफर्डमधून रुसून गेलेल्यांनी स्टॅमफर्डला बस्तान मांडलं, तेही राजाच्या हुकमाने उठवलं गेलं. ऑक्सफर्डला हे इतकं झोंबलं की एम.ए. होताना ‘स्टॅमफर्डला शिकवणार नाही’ अशी शपथ घ्यावी लागे, आणि ती १८२७ पर्यंत घ्यावी लागत होती. स्कॉटलंडमध्ये एव्हाना सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन, एडिंबरा अशी विद्यापीठं जुनी झाली होती. इंग्लंडमध्ये मात्र सुमारे सहाशे वर्षं दोनच. मक्तेदारी म्हणतात ती हीच, आणि राजाने ती राखून दिली.

प्रश्न : तिथेही गाववाले आणि विद्यार्थी यांचं पटत नसे असं ऐकलं. कितपत खरं? (नगर)

पटत नसे हा शब्द सौम्य झाला. १० फेब्रुवारी १३५५, सेंट स्कोलॅस्टिकाचा दिवस. ऑक्सफर्डच्या मुख्य चौकात, कारफॅक्सला, स्विंडलस्टॉक नावाची दारूची गुत्तेवजा खानावळ होती. दोघा विद्यार्थ्यांनी वाइन खराब आहे म्हणून तक्रार केली, बाचाबाची झाली, आणि त्यांनी ती मालकाच्या तोंडावर फेकली. गावाने सेंट मार्टिन चर्चची घंटा वाजवून माणसं गोळा केली, विद्यार्थ्यांनी सेंट मेरीची. खेड्यांतूनही माणसं आली. मारामारी थांबली तेव्हा विद्यापीठाचे ६३ आणि गावाचे सुमारे ३० मेले होते.

खरा निकाल त्यानंतर लागला. तिसऱ्या एडवर्डने विद्यापीठाचीच बाजू घेतली. बाजारातली वजनंमापं, पाव आणि बिअर यांच्या दरावरची देखरेख, सगळं विद्यापीठाकडे गेलं. वर दर वर्षी त्याच दिवशी महापौर आणि नागरिक मिळून ६३ जणांनी चर्चमध्ये जाऊन माणशी एक पेनी ठेवायची, प्रत्येक मेलेल्या विद्यार्थ्यामागे एक. हे १८२५ पर्यंत चाललं. औपचारिक दिलजमाई झाली १९५५ मध्ये, म्हणजे बरोबर सहाशे वर्षांनी.

प्रश्न : केंब्रिजचे फोटो पाहिले की नदीकाठी सगळी कॉलेजंच दिसतात. गावाला नदी उरलीच नाही का? (चिपळूण)

बंदरावरच्या माणसाने विचारावा असाच प्रश्न आहे. आज जिथे हिरवळी आणि नाजूक पूल दिसतात तिथे गावाचे धक्के होते, मालाच्या होड्या लागायच्या. १४४१ मध्ये सहाव्या हेन्रीने किंग्ज कॉलेज काढलं, पहिला आराखडा छोटा वाटला म्हणून वाढवला, आणि त्यासाठी गावाचा मधला तुकडाच साफ केला. घरं, गल्ल्या, एक चर्च, नदीकडे जाणाऱ्या वाटा, सगळं गेलं. मिल्न स्ट्रीट हा गावाचा महत्त्वाचा रस्ता मधोमध तुटला. त्याची दोन टोकं अजून आहेत : दक्षिणेला क्वीन्स लेन, उत्तरेला ट्रिनिटी लेन. नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही जोडा. रेषा किंग्जच्या आवारातून जाते.

इतकं करून राजा १४६१ मध्ये गादीवरून गेला आणि किंग्जच्या चॅपलचं काम रेंगाळलं. हे भिंतीवर दिसतं. खालचा दगड यॉर्कशरहून आणलेला, पांढुरका. वरचा जवळच्या खाणींतला, पिवळसर. जिथे रंग बदलतो तिथे पैसा संपला असं समजा. छताची पंख्यासारखी उमलणारी दगडी कमान १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत जॉन वॅस्टेल या गवंड्याच्या हाताखाली पुरी झाली. त्या जातीचं एवढं मोठं छत जगात दुसरं नाही.

होड्या मात्र त्यानंतरही यायच्या, आणि होड्या ओढायला घोडे लागायचे. कॉलेजं आपल्या काठावरून घोडे जाऊ देईनात. उपाय असा निघाला की नदीच्या पात्रातच मधोमध गोट्यांचा बांध घातला आणि घोडे पाण्यातून चालले. तो उंचवटा अजून तळाशी लागतो. शेवटच्या उत्तरात त्याचं काम पडणार आहे.

प्रश्न : रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी अशी नावं लहानपणापासून ऐकली. रँग्लर ही पदवी आहे की किताब? (पुणे)

दोन्ही नाही, तो निकालातला वर्ग आहे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्गात येतात ते रँग्लर, दुसऱ्यात सीनियर ऑप्टिमे, तिसऱ्यात ज्युनियर ऑप्टिमे. ‘रँगल’ म्हणजे वाद घालणं. पूर्वी परीक्षा तोंडी, वादाच्या रूपातच व्हायची. ट्रायपॉस हे नाव ज्या तिपाईवर बसून वाद घालायचा तिच्यावरून आलं, असं सांगतात.

१९०९ पर्यंत नावं गुणानुक्रमे जाहीर होत. सर्वांत वरचा सीनियर रँग्लर. देशभर वर्तमानपत्रात त्याचं नाव यायचं. ऑनर्समध्ये कसाबसा तरलेला शेवटचा जो असेल त्याला सिनेट हाउसच्या (विद्यापीठाच्या समारंभांच्या सभागृहाच्या) सज्जातून पोरं एक भला मोठा लाकडी चमचा दोरीने खाली सोडायची. शेवटचा चमचा १९०९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजच्या एका वल्हेकऱ्याला मिळाला. त्याच सेंट जॉन्सचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. त्यांच्याबरोबर तितक्याच मानाने आणखी एक विद्यार्थी होता, म्हणून ‘संयुक्त’ म्हणणं बरोबर. ते पहिले भारतीय रँग्लर नव्हेत, तो मान १८७४ मध्ये आनंदमोहन बोस यांना मिळाला. पण पहिल्या क्रमांकाचे पहिले भारतीय तेच.

आता क्रम जाहीर होत नाही, पण पहिल्या वर्गातल्यांना रँग्लर म्हणणं चालू आहे. जयंत नारळीकर १९५९ चे, फिट्झविल्यम हाउसचे. मराठीत हा शब्द नावाआधी लागून जवळजवळ उपाधी झाला. केंब्रिजमध्ये तसं कोणी लावत नाही.

प्रश्न : बायकांना तिथे कधीपासून शिकता येऊ लागलं? (नाशिक)

शिकता येणं आणि पदवी मिळणं यांत मोठं अंतर होतं, आणि तुमच्याच गावच्या लेकीला ते भोगावं लागलं. कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला गेल्या. कायद्याच्या ‘बी.सी.एल.’ परीक्षेला बसायला त्यांच्यासाठी खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्यांनी ती परीक्षा दिली, ती देणाऱ्या त्या पहिल्या बाई. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी द्यायला सुरुवातच १९२० मध्ये केली.

केंब्रिज याहून हट्टी. पहिलं स्त्रियांचं कॉलेज १८६९ मध्ये पाच मुलींवर सुरू झालं ते केंब्रिजमध्ये नव्हे, तर लंडनच्या वाटेवरच्या हिचिन गावी. १८७३ मध्ये जवळ आलं तेही गिर्टनला, गावाबाहेर अडीच मैलांवर. तरुण मुलांपासून लांब, हे उघड कारण. व्याख्यानाला यायचं तर रोज एवढं अंतर. १८९० मध्ये न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट गणितात सर्वांत पुढे आल्या. पण स्त्रियांची नावं वेगळी वाचत, म्हणून त्यांचा क्रमांक ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असा पुकारला. सीनियर रँग्लर ठरला मात्र त्यांच्या खालचा मुलगा. १८९७ मध्ये स्त्रियांच्या पदवीचा ठराव मताला आला, तेव्हा विरोधकांनी सिनेट हाउससमोर सायकलवरच्या बाईचं बुजगावणं टांगलं. ठराव पडला. (परांजपे तेव्हा तिथेच शिकत होते.) केंब्रिजने पदवी दिली १९४८ मध्ये, भारत स्वतंत्र झाल्यानंतर.

धर्माची अटही अशीच उशिरा सुटली. ऑक्सफर्डमध्ये नाव घालताना आणि केंब्रिजमध्ये पदवी घेताना अँग्लिकन चर्चची ३९ कलमं मान्य असल्याची सही करावी लागे. १८५४ आणि १८५६ च्या कायद्यांनी ती सैल झाली, १८७१ मध्ये जवळपास संपली. बोस आणि परांजपे यांनी पदवी घेतली ती त्यानंतर, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मुंबईच्या राजाबाई टॉवरचा या विद्यापीठांशी संबंध आहे का? (डोंबिवली)

वास्तुरचनाकाराचा आहे. राजाबाई टॉवर आणि शेजारचा दीक्षान्त सभागृह यांचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला. ते मुंबईला आले नाहीत. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजचं आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्सचं चॅपल त्यांचंच. केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयाचा १९३४ चा विटांचा मनोरा त्यांच्या नातवाने, जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधला. आजोबांचा २८० फूट, नातवाचा १५७.

प्रश्न : ऑक्सफर्डच्या काही भिंती नव्या कोऱ्या, काही काळ्या आणि पापुद्रे सुटलेल्या दिसल्या. देखभालीत हयगय? (रत्नागिरी)

हयगय नव्हे, दगडाची निवड. जवळच्या हेडिंग्टनच्या खाणीत दोन जातींचा चुनखडीचा दगड निघतो. एक कडक, कोरायला त्रासाचा. तो जोत्याला वापरला आणि तो टिकला. दुसरा मऊ. तुमचा जांभा काढताना मऊ आणि हवेत कडक होतो, तसाच हाही खाणीतून ताजा निघताना लोण्यासारखा कापला जाई. स्वस्त आणि गाडीवाटेवर, म्हणून १७ व्या-१८ व्या शतकात सर्रास लावला. पुढे गावात कोळशाचा धूर आला. धुरातलं गंधक ओलाव्याबरोबर चुनखडीवर बसतं, वरच्या थराचं जिप्सम होतं, त्यात काजळी अडकून काळी खपली धरते. खपली फुगते, फोडासारखी सुटते आणि आतला मऊ दगड उघडा पडतो. मग तोही झडू लागतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात चुनखडी नाही, म्हणून हा रोग तिकडे ओळखीचा नाही.

१९५७ पासून मोठा निधी उभारून कित्येक दर्शनी भिंती रटलंडच्या क्लिपशमसारख्या टिकाऊ दगडाने नव्याने मढवल्या. तुम्हाला नव्या वाटल्या त्या याच. नमुना पाहायचा तर शेल्डोनियन थिएटरच्या कुंपणावरची दाढीवाली दगडी डोकी पाहा. पहिला संच १६६० च्या दशकातला, सुमारे दोनशे वर्षं टिकला. १८६८ मध्ये दुसरा बसवला, पण दगड वाईट निवडला. शंभर वर्षांत चेहरे बटाट्यासारखे झाले. आत्ताची डोकी १९७२ ची.

प्रश्न : ऑक्सफर्डला रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ ठोके पडतात. पाच मिनिटं उशीर कशासाठी? (ठाणे)

उशीर नाही, तिथे तेव्हाच नऊ वाजतात. ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला सव्वा अंशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून पाच मिनिटं मागे. रेल्वेने लंडनची वेळ आणली, १८८० मध्ये कायद्याने ती सगळ्यांवर आली. क्राइस्ट चर्च कॉलेजच्या ‘ग्रेट टॉम’ घंटेने मानली नाही. मूळचे विद्यार्थी शंभर, १६६३ मध्ये एक वाढला, म्हणून १०१. मुंबईकरांना हा हट्ट कळेल : देशाची घड्याळं पुढे गेली तरी ३९ मिनिटं मागची ‘मुंबई टाइम’ त्यांनी कित्येक वर्षं सोडली नव्हती.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. दोन्हीकडे अर्ज करावा म्हणतो. शिवाय एका नातेवाइकाने तिथे बी.ए. केलं आणि आता परीक्षा न देताच एम.ए. लावतो, हे कसं? (कोल्हापूर)

पदवीच्या अभ्यासक्रमाला एका वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही. एकच निवडावं लागतं. (पदव्युत्तरला ही अट नाही.) अर्ज ‘यूकास’ या ब्रिटनमधल्या मध्यवर्ती प्रवेशयंत्रणेतून जातो, त्यात एकूण पाच पर्याय. या दोघांसाठी मुदत इतरांच्या आधी, १५ ऑक्टोबर, ब्रिटनमधल्या संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. चुकतात ते इथे : शाळेचं शिफारसपत्रही त्याच मुदतीत जावं लागतं, आणि आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर सही करणारे सर सुटीवर असतात. सप्टेंबरमध्येच मागे लागा. काही विषयांना वेगळी प्रवेशपरीक्षा असते आणि तिची नोंदणी वेगळी करावी लागते. यूकासचा अर्ज भरला म्हणजे ती झाली असं नव्हे. मुलाखती डिसेंबरमध्ये. कॉलेज निवडलं नाही तरी चालतं, ‘खुला’ अर्ज करता येतो. निवडलेल्या कॉलेजात जागा कमी पडल्या तर चांगला उमेदवार दुसऱ्या कॉलेजकडे सोपवण्याची सोय दोन्हीकडे आहे. म्हणून कॉलेजच्या निवडीवर महिनाभर घरात खल करू नका. विषयाच्या निवडीवर करा.

प्रवेश मिळाला तर राहण्याचंही मोजमाप आहे. ऑक्सफर्डला सत्राच्या ४२ रात्री कारफॅक्सपासून ६ मैलांच्या आत काढाव्या लागतात. केंब्रिजला ग्रेट सेंट मेरी चर्चपासून ३ मैलांच्या आत, पहिल्या दोन सत्रांत ५९ रात्री आणि तिसऱ्यात ५३. लांबचं स्वस्त घर पाहण्याआधी हे मोजा.

नातेवाईक खोटं बोलत नाहीत. ऑक्सफर्डचा बी.ए. झालेल्याला नाव घातल्यापासून २१ सत्रांनी, म्हणजे सात वर्षांनी, आणि केंब्रिजच्याला पहिलं सत्र संपल्यापासून सहा वर्षांनी एम.ए. घेता येतं, परीक्षेविना. जुन्या काळी एम.ए. म्हणजे विद्यापीठाचा पूर्ण सभासद, त्याची ही खूण. पण आपल्याकडच्या दोन वर्षांच्या एम.ए.शी त्याची बरोबरी करू नये. नोकरीच्या अर्जात घोटाळा होतो तो यानेच.

प्रश्न : एकेक दिवस हाताशी आहे. दोन्ही गावांत काय पाहावं? होडीही चालवायची आहे. (नागपूर)

ऑक्सफर्ड : स्टेशनवरून चालत कारफॅक्स. मनोऱ्याच्या ९९ पायऱ्या चढा. १३५५ मध्ये गावाने ज्याची घंटा वाजवली त्याच सेंट मार्टिन चर्चचा हा मनोरा. खालच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर स्विंडलस्टॉक होती. वरून कळसच कळस दिसतात, कारण कारफॅक्सपासून १२०० मीटरच्या आत १८.२ मीटरपेक्षा उंच बांधकाम सहसा होऊ देत नाहीत. तिथून क्राइस्ट चर्च, मर्टनचा मॉब क्वॉड आणि शेवटी न्यू कॉलेजची बाग. गावाचा जुना तट सर्वांत चांगला तिथे उभा आहे. १३७९ मध्ये जागा घेताना कॉलेजने तट राखण्याची हमी दिली होती, आणि महापौर अजूनही दर तीन वर्षांनी येऊन तो तपासून जातात.

केंब्रिज : स्टेशन गावापासून मैलभर लांब आहे, चालायची तयारी ठेवा. ट्रंपिंग्टन स्ट्रीटला रस्त्याच्या दोन्ही कडांना उघडे पाट वाहतात. नाइन वेल्सच्या झऱ्यांचं पाणी १७ व्या शतकाच्या आरंभी गावात आणलं ते हे. फोटो काढताना मागे सरकू नका, त्यात पाय जातो. पुढे पीटरहाउस, केंब्रिजचं सर्वांत जुनं कॉलेज, १२८४ चं. मग किंग्जच्या चॅपलचे दोन रंग, आणि ट्रिनिटीचं मुख्य दार. दारावरच्या आठव्या हेन्रीच्या हातात राजदंड नसून खुर्चीचा पाय आहे. परीक्षांच्या दिवसांत, साधारण मे-जूनमध्ये, बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात; आधी पाहून जा.

होडीला पंट म्हणतात : सपाट तळ, सुमारे २४ फूट लांब, ३ फूट रुंद, आणि ढकलायला सुमारे १६ फुटी काठी. ऑक्सफर्डला उतरत्या टोकाकडे आत उभं राहतात, केंब्रिजला दुसऱ्या टोकाच्या फळीवर. काठी होडीला लगटून सरळ खाली सोडा, हातांतून घसरत तळाला टेकू द्या, मग तिच्यावर रेटा द्या. काढण्याआधी थोडी पिळा, म्हणजे चिखल सुटतो. काढल्यावर ती मागे पाण्यात सुकाणूसारखी धरा. ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला होडीचं नाक वळतं. काठी तिरकी टाकली की होडी गोल फिरते. किंग्जच्या मागे पात्राच्या मधोमध घोड्यांचा जुना बांध आहे, तिथे पाणी उथळ आणि तळ पक्का. नवशिक्याने तिथे सुरुवात करावी. काठी चिखलात रुतली आणि होडी पुढे निघाली तर काठी सोडून द्या. छोटं वल्हं होडीत ठेवलेलं असतं, त्याने परत येऊन काढता येते. काठीला धरून राहणारे पाण्यात पडतात, आणि पुलावर बघे नेहमी असतात.